इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक डे: दीडशे सीसीपासून हजार सीसीपर्यंत

वळणवेडा

इथल्या गाड्यांच्या धाग्यांवर एक समज पुन्हा पुन्हा दिसतो: ट्रॅकवर जायचं तर आधी सहाशे-हजार सीसीची गाडी हवी. या समजापायी चांगली गाडी चालवणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं नुसते व्हिडिओ बघत राहतात. म्हणून हा धागा काढतोय. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेच्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, काय काय उभं असतं ते सविस्तर लिहितो, मग ज्याचं त्याने ठरवावं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: ट्रॅक डे ही शर्यत नसते. फी भरायची, गाडी तपासून घ्यायची, सकाळी झेंड्यांचे अर्थ आणि नियम ऐकायचे आणि आपल्या गटाची पाळी आली की पंधरा-वीस मिनिटं ट्रॅकवर फिरायचं. गट पडतात ते चालवणाऱ्याच्या वेगावरून आणि अनुभवावरून, सीसीवरून नाही. त्यामुळे एकाच गटात दीडशे सीसीची यामाहा आर१५ आणि डुकाटीची दांडगी पानिगाले एकामागोमाग पिटलेनमधून, म्हणजे ट्रॅकवर जायच्या वाटेवरून, बाहेर पडताना दिसतात. रस्त्यावर हे दृश्य जवळपास कुठेच दिसत नाही.

ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० पासून चालू. हल्ली नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट झालंय, पण जुने लोक अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२, आणि वळणांना नावं न देता सी१, सी२ असे क्रमांक दिलेत. चेन्नई-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला, श्रीपेरंबुदूरजवळ. आजूबाजूचा सगळा पट्टा गाड्यांच्या कारखान्यांचा आहे. रॉयल एनफिल्डचे ओरगडम आणि वल्लम वडगलचे कारखाने इथून हाकेच्या अंतरावर, यामाहाचाही इथलाच.

आता पॅडॉक. सर्वांत मोठी संख्या तीनशे ते चारशे सीसीच्या गाड्यांची असते, आणि त्यात केटीएम आरसी ३९० सगळीकडे. काहींची हेडलाइट काढून तिथे फायबरचा कोरा पत्रा, इंजिनाखाली तेल अडवणारा बेली पॅन, नंबराचा स्टिकर, पार शर्यतीची गाडी. काहींची कालपर्यंत ऑफिसला जाणारी, फक्त आरसे काढलेत आणि दिव्यांवर चिकटपट्टी लावली आहे, पडली तर काचा ट्रॅकवर सांडू नयेत म्हणून. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, पण वळणातून बाहेर पडताना ज्या जोराने गाडी उचलते तो जोर या किमतीत दुसरीकडे मिळणं कठीण. दुपारच्या उन्हात तापमानाचा काटा वर चढतो तेव्हा सेशन संपवून आलेले आरसीवाले आधी हेल्मेट काढत नाहीत, रेडिएटरकडे बघतात.

तिच्या शेजारी टीव्हीएस अपाचे आरआर ३१०, बहुतेक तमिळनाडू-कर्नाटकच्या पाट्यांच्या. तिचं इंजिन नीट बघा. सिलिंडर मागे कललेला आहे, हवा पुढून आत जाते आणि सायलेन्सरचा पाइप मागून निघतो. बीएमडब्ल्यूबरोबर विकसित केलेलं हे ३१२ सीसीचं इंजिन होसूरला तयार होतं. ताकद आरसीपेक्षा कमी, पण गाडी स्थिर. नवशिक्याला वेगवान वळणात धीर देणारी गाडी म्हणून मी आधी हिचं नाव घेईन.

मग आर१५. २००८ साली ही गाडी आली तेव्हा दीडशे सीसीत पाण्याने थंड होणारं इंजिन आणि डेल्टाबॉक्स चासी आपल्याकडे कुणी दिली नव्हती. देशातल्या निम्म्या तरुण रेसरांची पहिली ट्रॅकची गाडी हीच असेल असं मला वाटतं. आजही पॅडॉकमध्ये व्ही२, व्ही३, व्ही४ शेजारी शेजारी दिसतात. आर१५ वाल्यांचं एक वेगळंच शिक्षण होतं. सरळ रस्त्यावर मागून येणारा प्रत्येक जण त्यांना ओलांडतो, म्हणून वेळ कमवायचा तो वळणातच. विनाकारण ब्रेक लावला की गेलेला वेग परत यायला अर्धा ट्रॅक लागतो. मग माणूस ब्रेक कमी वापरायला, वळणाआधी नजर लांब टाकायला आणि थ्रॉटल लवकर उघडायला शिकतो. हजार सीसीवर यातली प्रत्येक चूक इंजिन झाकून टाकतं.

मोठ्या गाड्या पॅडॉकच्या सावलीच्या बाजूला, टायर वॉर्मर लावून पॅडॉक स्टँडवर. बीएमडब्ल्यू एस १००० आरआर, कावासाकीची झेडएक्स-१०आर आणि झेडएक्स-६आर, डुकाटी पानिगाले व्ही२ आणि व्ही४, अधूनमधून ट्रायम्फ डेटोना ६७५. दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी पिटलेनमध्ये सुरू होते तेव्हा छातीत जाणवते, ते खरंच आहे. चार सिलिंडर रांगेत असलेल्या गाडीची किंकाळी आणि पानिगालेच्या व्ही४ ची जाड गुरगुर, डोळे मिटूनही वेगळी ओळखता येते.

पण या गाड्यांवर माणसाची परीक्षा ब्रेकमध्ये होते. हिशेब साधा आहे. वजन सारखं धरलं तरी २३० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला थांबवताना १३० वाल्या गाडीच्या तिपटीहून जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी गेलेली लिटर बाइक (हजार सीसीची गाडी) वळणात शिरताना चाचपडते आणि मागून आरसी ३९० तिच्या शेपटाला येऊन चिकटते, हे तिथे दर सेशनला दिसतं. पुढच्या सरळ रस्त्यावर ती पुन्हा निघून जाते. पुढचं वळण आलं की पुन्हा तेच. यात लिटरवाल्यांना कमी लेखायचं नाही. ती गाडी नीट चालवणारा समोरून गेला की सगळं पॅडॉक भिंतीपाशी येऊन उभं राहतं.

शेवटची गोष्ट, जी मला पुणेकर म्हणून फार लागते. आरसी ३९० चाकणला बनते. ड्यूक ३९० चाकणला. ट्रायम्फ स्पीड ४०० चाकणला. कावासाकीचा इथला कारखाना चाकणला. एप्रिलिया आरएस ४५७, जिची जगभर चर्चा झाली आणि जी इथून युरोप-अमेरिकेत जाते, ती बारामतीला बनते. म्हणजे त्या पॅडॉकमधल्या कितीतरी गाड्या पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या, आणि त्यांच्या जिल्ह्यातला माणूस त्यांना मोठ्या सर्किटवर चालवायला टेम्पोत घालून अकराशे-बाराशे किलोमीटर नेतो. आंतरराष्ट्रीय दर्जाचं सर्किट तमिळनाडूत आहे, ग्रेटर नोएडात आहे. महाराष्ट्रात व्हायलाच हवं. गाड्या बनवणारे हात इथे आहेत, इंजिनिअर इथे आहेत, चालवणारे इथे आहेत.

तुम्ही कुठल्या ट्रॅकवर कुठल्या गाड्या बघितल्यात ते लिहा.

---

मैलापूरकर

धागा वाचून जुने दिवस आठवले. आम्ही चेन्नईतली मराठी मंडळी. इरुंगाट्टुकोट्टईच्या आधी शोळावरम होतं, हे इथल्या तरुणांना सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी, तिच्यावरच शर्यती व्हायच्या. ना पिट इमारत, ना रनऑफ (वळणाबाहेर घसरून जायला मोकळी जागा). कडेला गवताच्या आणि टायरच्या भिंती, ऊन आणि प्रचंड गर्दी.

तेव्हाची विविधता वेगळी होती. कंपन्या मोजक्या, त्यामुळे वेगळेपण हातांनी आणायचं. राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी, १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने आणली, तिचा दरारा होता. इंड-सुझुकी, नंतर आरएक्स १००, येझदी, बुलेट, आणि हो, मोपेडच्याही शर्यती. टीव्हीएसने रेसिंगची शाखा १९८२ ला काढली, म्हणजे आज ट्रॅकवर जे लाल-निळे अपाचे दिसतात त्यांची मुळं त्या काळात आहेत. मडगार्ड काढा, हँडल खाली आणा, पोर्ट घासा, कार्ब्युरेटरचं जेट बदला, झाली रेसची गाडी. एकाच कंपनीच्या दोन गाड्या कधी सारख्या आवाजाच्या नसायच्या, कारण दोन मेकॅनिकांचे हात वेगळे.

हल्ली ट्रॅक डेला टू-स्ट्रोक येतात का?

---

वळणवेडा

काका, येतात. थोड्या, पण येतात. आरएक्स १३५ आणि एखादी आरडी हमखास असते. टू-स्ट्रोकवाल्याला रेषा, म्हणजे वळणातून जायचा मार्ग, वेगळी धरावी लागते, कारण थ्रॉटल सोडला तरी इंजिन गाडीला फारसं मागे ओढत नाही. फोर-स्ट्रोकवर सवय झालेला माणूस त्यावर बसला की पहिल्याच वळणात जास्त वेगाने आत येतो. त्या गाड्यांभोवती कॉलेजची पोरं गर्दी करतात, मालकही न कंटाळता सगळं समजावून सांगतात. शोळावरमबद्दल तुम्ही स्वतंत्र धागा काढाच, ही विनंती.

---

रेवा_नाशिक

छान धागा. मी कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला गेले होते, तिथलं लिहिते. एस. करिवर्धन यांच्या नावाचा तो ट्रॅक, साधारण २.१ किलोमीटरचा. छोटा आणि सतत वळणांचा, त्यामुळे मोठ्या गाडीला पाय पसरायला जागाच मिळत नाही. तिथे चारशे सीसीच्या आतल्या गाड्यांचं राज्य.

माझ्यासाठी सगळ्यांत सुंदर दृश्य होतं कॉन्टिनेंटल जीटी ६५०. रॉयल एनफिल्डने २०२१ पासून या गाडीची स्वतंत्र शर्यत मालिका चालवली, तिची सुरुवात कारीलाच झाली. ट्रॅक डेलाही लोक आपापल्या जीटी घेऊन येतात. दोनशे किलोच्या वरची गाडी, हवा-तेलाने थंड होणारं समांतर जुळं इंजिन, गोल हेडलाइटची जुनी बांधणी, आणि ती चालकाचा गुडघा घासत वळते! उंच, नखरेल फेअरिंगच्या (पुढून-बाजूंनी आच्छादन असलेल्या) गाड्यांच्या मध्ये ती सावकाश, भारदस्त चालीने आत येते आणि बाहेर पडताना खालच्या आरपीएमवरच ओढ घेते. तिच्या चालकाला घाई करून चालतच नाही. दिशा बदलायला वजन हलवावं लागतं, म्हणून तो दोन वळणं आधीपासून विचार करत असतो.

अजून एक. माझ्या गटात मुली मोजक्याच होत्या, पण ज्या होत्या त्या आर१५ आणि आरसी २०० वर होत्या आणि फार नेटक्या चालवत होत्या. उंची कमी असणाऱ्यांना सांगते, ट्रॅकवर सिग्नल नसतो. पाय टेकण्याची चिंता फक्त पिटलेनमध्ये. त्या भीतीने थांबू नका.

---

हँडलबार

प्रश्न विचारतो, राग मानू नये. वळणवेडा म्हणतात छोटी गाडी वळणात मोठीला गाठते. पण मोठ्या गाडीचे टायर रुंद असतात, पकड जास्त असते. मग ती वळणात हळू का?

---

कोल्हापुरी_गॅरेज

याचं उत्तर मी देतो, रोजचं काम आहे.

गाडी झुकली की टायर जमिनीला टेकण्याची जागा मधोमध राहत नाही, बाजूला सरकते. टायर जितका रुंद तितकी ती जास्त सरकते. त्यामुळे त्याच वळणात, त्याच वेगाला रुंद टायरची गाडी अरुंद टायरच्या गाडीपेक्षा जास्त झुकवावी लागते. आर१५ व्ही३ चा मागचा टायर १४० चा, लिटर बाइकचा १९० किंवा २००. रुंद टायर दिलेला असतो तो झुकलेल्या अवस्थेत दोनशे घोडे जमिनीवर उतरवायला आणि उष्णता सहन करायला. पकड आहेच, पण ती वापरायला चालवणारा तितका झुकला पाहिजे, टायर तितका तापला पाहिजे. नवखा माणूस तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे गाडी हळू नसते, चालवणारा तिच्या हद्दीपासून लांब असतो.

दुसरं वजन. दीडशे किलोच्या आतली गाडी एका वळणातून दुसऱ्यात टाकायला सोपी.

आणि ट्रॅकवरून आलेली गाडी माझ्याकडे येते तेव्हा टायरच बोलतो. रस्त्यावर चालवणाऱ्याचा टायर मध्ये चपटा झालेला असतो आणि कडेला नवा कोरा. ट्रॅकवरच्या टायरचा मध्य शाबूत आणि कडा खाल्लेल्या, रबराच्या बारीक गोळ्या चिकटलेल्या. डावी-उजवी बाजूसुद्धा सारखी झिजत नाही, ट्रॅक कुठल्या दिशेने फिरतो त्यावर ठरतं.

तपासणीला नापास होण्याची कारणं बहुधा फालतूच असतात: चेन सैल, ब्रेकपॅड संपत आलेले, फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलमधून तेल, हँडलचा स्टॉपर गायब, थ्रॉटल सोडला तर आपोआप मागे न येणारा. जाण्याआधी गाडी एकदा सर्व्हिसला टाका, आणि सगळ्यात आधी ब्रेक ऑइल बदला. जुनं ऑइल पाणी धरतं, तापलं की लिव्हर मऊ पडतो. ट्रॅकवर लिव्हर मऊ पडणं म्हणजे काय ते सांगायला नको.

---

डर्बीकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे ट्रॅक डे म्हणजे शनिवार-रविवारचा नेहमीचा छंद आहे, त्यामुळे पॅडॉक अगदी वेगळं दिसतं. प्रत्येकाची व्हॅन, मागे गाडी, बाजूला खुर्ची आणि चहाचा थर्मास. डॉनिंग्टन ट्रॅकवर आत जाताना पहिली रांग आवाजाच्या चाचणीची. इंजिन ठरावीक आरपीएमवर धरायचं, सायलेन्सरमागे मीटर, मर्यादेवर गेलात तर घरी परत. मर्यादा ट्रॅकनुसार आणि दिवसानुसार बदलते, कारण आजूबाजूला वस्ती आहे.

गाड्या म्हणाल तर इथे जुन्या सहाशेंचं साम्राज्य. यामाहा आर६, सुझुकी जीएसएक्स-आर ६००, होंडा सीबीआर ६००. युरोपच्या प्रदूषण नियमांमुळे आर६ रस्त्यावरची म्हणून २०२० नंतर इथे मिळेनाशी झाली, फक्त ट्रॅकसाठीची आवृत्ती उरली. त्यामुळे जुन्या आर६ ना लोक जिवापाड जपतात. सुझुकी एसव्ही ६५० ही दुसरी लाडकी. स्वस्त, व्ही-ट्विन, सुटे भाग कुठेही मिळतात.

मागच्या उन्हाळ्यात पॅडॉकमध्ये एप्रिलिया आरएस ४५७ उभी होती. मालक गोरा, तरुण पोरगा, लायसन्सच्या ए२ मर्यादेत (मर्यादित ताकदीच्या गाड्यांचा गट) बसते म्हणून घेतलेली. त्याला सांगितलं, ही गाडी जिथे बनते तो माझ्या आजोळचा तालुका. त्याने बारामती कुठे आहे ते फोनवर नकाशात शोधलं आणि मला एक फेरी मारून येतोस का असं विचारलं. मी ती संधी सोडली नाही. १७५ किलोची गाडी, समांतर जुळ्या इंजिनाची ओढ अशी की दोन्ही सिलिंडर एकापाठोपाठ धक्के देतात. पुढचा भाग इतका विश्वासाचा की ब्रेक धरून वळणात शिरताना शंका येत नाही. वळणवेडा यांचा शेवटचा परिच्छेद मला अगदी पटला.

---

थेंबभर_पेट्रोल

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! टीव्हीएसने २०२३ मध्ये अपाचे आरटीई या इलेक्ट्रिक गाडीची स्वतंत्र शर्यत सुरू केली. ट्रॅक डेला अल्ट्राव्हायलेट एफ७७ आलेली मी बघितली आहे. ती जवळून गेली की इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे बाकीचं सगळं ऐकू येतं: चेनची घरघर, टायरचा खरखराट, गुडघ्याचा स्लायडर रस्त्याला घासतो तो आवाज. क्लच नाही, गिअर नाही, सगळं लक्ष रेषेवर आणि ब्रेकवर. प्रश्न उष्णतेचा आणि चार्जिंगचा. दोन सेशनच्या मधल्या वेळात पेट्रोलवाला सावलीत बसतो, इलेक्ट्रिकवाला प्लग शोधत फिरतो. पण मला ही गाडी ट्रॅकवर वाढताना बघायची आहे.

---

हँडलबार

कोल्हापुरी_गॅरेज, धन्यवाद, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता खर्चाचं आणि विम्याचं कुणी सांगेल का? गाडी पडली तर विमा मिळतो का? माझ्याकडे पल्सर एनएस २०० आहे, ती चालेल का?

---

वळणवेडा

एनएस २०० उत्तम चालेल. नेकेड गाडीवर (फेअरिंग नसलेल्या) वारा अंगावर येतो, सरळ रस्त्यावर टाकीवर झोपावं लागतं, एवढंच. चासी भक्कम आहे. पहिल्या वेळी त्यात काहीही बदलू नका, चांगले टायर आणि नवे ब्रेकपॅड पुरेत.

विम्याचं स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या दुचाकी पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा एक परिच्छेद असतो. त्यात संघटित शर्यती, वेगचाचणी वगैरे वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर पडलात तर गाडीचा खर्च खिशातून, असं धरूनच जा. स्वतःच्या आरोग्यविम्यातली साहसी खेळांची अटही वाचून घ्या. आयोजक सही घेतात तो कागद नीट वाचा.

पैसे वाचवायचे असतील तर ते अंगावरच्या सामानात वाचवू नका. एकसंध लेदर सूट, पाठीचा रक्षक, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज. पुष्कळ ठिकाणी सूट भाड्याने मिळतो, आधी फोन करून आपलं माप विचारा. काही प्रशिक्षण शाळा गाडीसकट सगळं देतात. पहिल्या वेळी तोच मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण सोबत शिकवणारा असतो.

---

रेवा_नाशिक

+१. आणि हळू गटात नाव घाला. तिथेही पानिगाले असतात, लाजायचं कारण नाही. सी१ सारखं वेगवान उजवं वळण पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटलने घ्यायचं असा कुठलाही नियम नाही. मागून वेगवान गाडी आली तर आपली रेषा सोडू नका, ओलांडण्याची जबाबदारी मागच्याची असते.

---

हँडलबार

मग पक्कं. थंडीत जातोय, अजून दोघं तयार आहेत, एक आरसी ३९० आणि एक जुनी करिझ्मा. तिघांच्या गाड्या एका टेम्पोत जातील का? बांधायच्या कशा?

---

कोल्हापुरी_गॅरेज

मोठ्या टेम्पोत तीन आरामात बसतात. पुढचं चाक केबिनकडच्या फळीला टेकवा, दोन गाड्यांच्या मध्ये गादी किंवा जुनं गोधडं टाका. रॅचेटचे पट्टे फोर्कच्या वरच्या क्लॅम्पला अडकवा, हँडलच्या टोकाला नको, हँडल वाकतं. ओढताना फोर्क अर्धा दबला की थांबा. पूर्ण दाबून रात्रभर नेलात तर सील जातात आणि तपासणीत तेल गळताना दिसतं. मागच्या चाकाला आडवा पट्टा वेगळा. गाडी साइडस्टँडवर उभी करून बांधू नका. टाकीत पेट्रोल कमी ठेवा, ट्रॅकजवळ पंप आहेत. कोल्हापूर, बेळगावी, हुबळी करत जाणार असाल तर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, नव्या पट्ट्यांना ढील येते. करिझ्माचे ब्रेक मात्र निघण्याआधी मला दाखवून जा, कोल्हापूर वाटेतच आहे.